आईच्या रकान्यात

धाकट्याच्या बायकोने, धाकटीने, दोन्ही दाखले जेवणाच्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवले, चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाली, "दादा, कागदोपत्री तुम्हाला दोन आया आहेत."

"बरंय की," धाकटा म्हणाला. "आम्हाला एकसुद्धा धड आठवत नाही आणि ह्याला दोन-दोन."

कुणी हसलं नाही. धाकटीने जन्म-मृत्यू नोंदणीच्या कचेरीत अठ्ठावीस वर्षं काढली होती, आणि कागदाची थट्टा ती कधी करत नसे. लग्न होऊन घरात आली त्याच्या पंधराव्या दिवशी तिने कपाटातली सगळी बिलं तारखेवार लावली. तेव्हापासून माई तिला 'रजिस्टर' म्हणायची. थोरल्यांच्या बायकोला मात्र माईने कधीच नाव दिलं नव्हतं. तेहेतीस वर्षं एका स्वयंपाकघरात काढूनही ती माईच्या तोंडी 'तुझी बायको'च होती.

थोरले खुर्चीतून वाकले. डावीकडे त्यांचा जन्मदाखला. त्यावर आईचं नाव आईचंच, त्यांच्या सहाव्या वर्षी गेलेल्या आईचं. उजवीकडे शाळा सोडल्याचा दाखला, घड्यांवर चिकटपट्ट्या लावलेला. त्यावर आईच्या रकान्यात, निळ्या शाईत, टपोऱ्या अक्षरात माईचं नाव होतं. माई, म्हणजे त्यांची सतरा वर्षांनी मोठी बहीण.

हा कागद त्यांनी आयुष्यात निदान दहा वेळा कुठे ना कुठे जोडला असेल. चाळीस वर्षं विद्यापीठाच्या प्रयोगशाळांसाठी काचेची उपकरणं फुंकून देण्यात गेली होती. नळीच्या जाडीतला अर्ध्या मिलिमीटरचा फरक त्यांच्या बोटांना कळायचा. आणि हे दिसलं नव्हतं? दिसलं होतं. त्यात काही चूक आहे असं कधी वाटलं नव्हतं.

"उद्या दुपारी बाराला अर्ज बंद होणार," त्यांची बायको म्हणाली. "आणि हे आज कळतंय."

"कारण दाखले आज सापडले, वहिनी. तेही बिस्किटांच्या डब्यात," धाकटी म्हणाली.

अर्ज होता परदेशी, थोरल्यांच्या लेकीच्या देशात राहण्याच्या परवान्यासाठी, आणि वर्ग होता 'अर्धवेळ निवृत्त'. साठी ओलांडलेला माणूस, स्वतःच्या कसबाचं काम आठवड्याला वीस तासांच्या आत करणारा, स्वतःचा खर्च स्वतः भागवणारा. थोरल्यांचं माप घेऊनच शिवल्यासारखा होता तो वर्ग. इथल्या विद्यापीठाने त्यांची काचशाळा बंद केली होती. उपकरणं आता तयार, खोक्यांतून येत. त्यांची काच फिरवायची लेथ भंगारात गेली त्या दिवशी ते मुद्दाम उशिरा घरी आले होते. तिकडे मात्र लेकीच्या शहरात एका कॉलेजला आठवड्यातून दोन दिवस शिकवणारा हवा होता, काच फुंकता येणारी माणसं तिकडेही संपत आली होती म्हणून.

"अर्धा निवृत्त म्हणजे नेमका कुठला अर्धा?" धाकट्याने सहा महिन्यांत हा विनोद वीसेक वेळा केला होता. "वरचा का खालचा?"

आणि सहा महिन्यांत आणखी एक वाक्य बऱ्याच वेळा बोललं गेलं होतं. 'माईचं बघू.' परवान्याच्या नियमात सोबत बायको नेता येत होती. अवलंबून असलेले आई-वडील नेता येत होते. भावंडांबद्दल एक ओळ होती, आणि ती 'नाही' अशी होती.

"पण लिहिलं कसं असं?" बायकोने विचारलं. "एवढी मोठी चूक?"

"कारकुनाने विचारलं, आईचं नाव काय," थोरले म्हणाले. "मी म्हटलं, माई. तो म्हणाला, माईचं नाव काय. मग माईने सांगितलं." आठवण त्यांना लख्ख होती. शाळेची जाळीची खिडकी, तिची चौकट त्यांच्या कपाळाला लागत होती. माई तेवीस वर्षांची होती. आई जाऊन दीड महिना झाला होता. वडील बोटीवर होते. वर्षातून एकदा येत, आणि पुढे एकदाही आले नाहीत.

"कारकुनाला डोळे नव्हते?"

"डोळे होते, म्हणून तर," धाकटा म्हणाला. "सहा महिन्यांचा मी तिच्या कडेवर. कडेवर पोर असलं की बाईला वय कोण विचारतो?"

धाकटीने कोरा कागद पुढे ओढला. "शपथपत्र करायचं. दाखल्यावरचं नाव आईचं नाही, बहिणीचं आहे, असं दादा लिहून देतील. माईंची पण सही लागेल. आज चार वाजेपर्यंत नोटरी बसतो. तासाभरात होईल सगळं."

"थांब," धाकटा म्हणाला. त्याने अर्जाची माहितीपत्रिका ओढून घेतली आणि एका ओळीवर बोट ठेवलं. "हे वाच. 'जन्मदाखला किंवा शाळेचा दाखला.' किंवा! दोन्ही कुठे मागितलेत? जन्मदाखला डब्यात टाक परत. शाळेचा जोड. माई आई. आई सोबत नेता येते. मिटला प्रश्न!"

थोरल्यांना प्रथम जाणवलं ते असं, की ही युक्ती खरंच चालण्यासारखी होती. सतरा वर्षांचं अंतर. माईच्या स्वतःच्या जन्माची नोंद कुठेच नव्हती. धाकटीने एकदा चार दिवस शोधली होती. कागद एकच सांगत होते आणि विरुद्ध बोलणारा कागद टेबलावर, हाताच्या अंतरावर होता.

"खोटं लिहायचं नाही," बायको म्हणाली. फार पटकन म्हणाली.

"खोटं काय त्यात? सरकारी शिक्का आहे."

"भाऊजी, तुम्हाला एवढा पुळका का आलाय ते कळतंय मला. तुमचा तिसरा मजला, दोन खोल्या, आणि माईंचे गुडघे. तुम्हाला माई नको आहेत तिथे."

"आणि तुम्हाला हव्यात का? तेहेतीस वर्षांनी एकदाचं स्वतःचं स्वयंपाकघर मिळतंय, त्यात माई कशाला, असंच ना? खरं बोलायची हौस आत्ताच कशी आली?"

"ए," थोरले म्हणाले. त्यांना दोघांचंही पटलं होतं.

"कारकून बहिरा नव्हता," दारातून आवाज आला.

माई वाळलेल्या कपड्यांचा ढीग छातीशी धरून उभी होती. किती वेळ, कुणास ठाऊक. ती आत आली, ढीग सोफ्यावर टाकला, बाजूला बसली आणि एक अभ्रा उचलून त्याचे कोपरे जुळवू लागली.

"त्याला माई कळलं होतं. त्यानं मला सरळ विचारलं, तुम्ही आईच ना? मी म्हटलं, हो."

"का पण?" धाकटी म्हणाली. हा प्रश्न कचेरीतला होता.

"पालक हजर करा म्हणाला असता. कुठून करायचे? एक वर गेलेली, एक पाण्यावर." माईने अभ्रा मांडीवर दाबून घडी पक्की केली. "म्हटलं, पोरगं आत तर जाऊ दे. मागाहून दुरुस्त करू."

"मग केलं का नाहीत?"

"अर्ध्या तासाचं काम होतं. एकदा गेलेसुद्धा, फाटकापर्यंत." तिने दुसरा अभ्रा घेतला. "दर तिमाहीला याचं प्रगतिपुस्तक यायचं. खाली सहीची जागा, आणि तिथं छापलेलंच असायचं, 'आई'. मी सही करायची. बरं वाटायचं मला. आता हसा."

धाकट्याने हसण्यासाठी तोंड उघडलं आणि मिटलं.

थोरल्यांना ती सही आठवली. तिसरीत गणितात नापास झाले तेव्हा त्यांनी ती चोरून गिरवायचा प्रयत्न केला होता. शेवटच्या अक्षराचा फराटा जमला नव्हता. माईने ते पान पाहिलं, त्यांना काहीच बोलली नाही, आणि खोट्या सहीखाली आपली खरी सही केली. एकाच पानावर दोन. गुरुजींनी विचारलं तर सांग, म्हणाली, आईनं दोनदा वाचलं.

"माई," थोरल्यांची बायको म्हणाली. तिचा आवाज बदलला होता. ती उठून सोफ्याजवळ गेली आणि ढिगातून एक टॉवेल उचलला, नुसताच हातात धरून राहिली. "अहो, लिहा."

"काय?" थोरले म्हणाले.

"आई लिहा. मी पण सही करते, जिथे करायची असेल तिथे. कुणी विचारलं तर मी सांगीन, माझी सासू आहे म्हणून. तेहेतीस वर्षं दुसरं काय होतं?"

"वा! वहिनी आल्या आमच्या पक्षात," धाकटा म्हणाला, पण त्याच्या आवाजात जोर नव्हता.

"सगळे ऐका जरा," धाकटी म्हणाली. तिने पेन टेबलाच्या कडेला समांतर ठेवलं. "पकडलं गेलं तर परवाना रद्द. नुसता रद्द नाही. खोट्या माहितीसाठी कायमची बंदी आहे, चौदाव्या पानावर आहे. मग लेकीकडे पंधरा दिवससुद्धा जाता येणार नाही. पकडतील असं मी म्हणत नाही. पण ह्यांचा जन्मदाखला मीच नव्याने काढून दिलाय, त्यावर आई वेगळी आहे. सख्ख्या भावाच्या दाखल्यावर. कुणी शोधलं तर दहा मिनिटांचं काम आहे. मी रोज तेच करते."

मग सगळ्यांनी थोरल्यांकडे पाहिलं. माई सोडून. ती पायमोज्यांच्या जोड्या लावत होती.

आता बोलायला हवं होतं. काय बोलायचं ते थोरल्यांना ठाऊक होतं. वाक्य दोनच शक्य होती. एक म्हणजे, लिहा आई, होईल ते होईल. दुसरं म्हणजे, जाऊ दे तो परवाना, मी इथेच बरा. दोन्ही छोटी वाक्यं होती. त्यांना ती काचशाळा दिसली, लेकीने फोनवर दाखवलेली. उत्तरेकडची मोठी खिडकी. काचेवर काम करायला उत्तरेचा उजेड चांगला, तो दिवसभर फारसा बदलत नाही. बर्नर नवा होता. त्यांच्या हाताची जागा तिथे रिकामी होती.

"चौदाव्या पानावर नेमकं काय लिहिलंय?" त्यांनी विचारलं.

धाकटीने पान काढून त्यांच्यापुढे धरलं. ते वाचू लागले. त्यांनी ते सावकाश वाचलं, मग पुन्हा वाचलं, आणि दुसऱ्यांदा वाचताना त्यांना उमगलं की आपण वाचत नाही आहोत, वाट पाहतो आहोत. आपल्याऐवजी कुणीतरी बोलावं म्हणून.

"खरं काय ते लिही, थोरल्या," माई म्हणाली. "मी कशाला खोटेपणानं विमानात बसू? आणि तिकडं करू काय मी? थंडीत नाक गाळत बसायचं?"

थोरल्यांना हायसं वाटलं.

ते एक क्षणभरच, श्वास सुटावा तेवढंच. पण ते वाटलं, आणि माईने नेमकं तेव्हाच मोज्यांवरून डोळे वर केले. तिने ते पाहिलं. साठ वर्षं त्यांचा चेहरा वाचणाऱ्या बाईपासून लपवायला त्यांच्याजवळ काही साधन नव्हतं. ती पुन्हा मोज्यांकडे वळली. एक मोजा विजोड निघाला. तो तिने बाजूला ठेवला.

त्यांच्या बायकोने टॉवेल परत ढिगात टाकला. तिच्या नजरेकडे त्यांनी पाहिलं नाही.

धाकटी लिहायला बसली. तिचं अक्षर छापल्यासारखं होतं. लिहिता लिहिता ती मोठ्याने वाचत होती. "'शाळेच्या दाखल्यावर आई म्हणून नोंद असलेली व्यक्ती माझी आई नसून माझी मोठी बहीण आहे. घरात तिला माई असे संबोधत असल्याने गैरसमजातून...'"

"गैरसमज कुठला?" माई म्हणाली. "मी सांगितलं होतं."

"तसं लिहिलं तर तुम्ही जाणूनबुजून खोटी माहिती दिलीत असं होईल, माई."

"मग दिलीच की."

"ते लिहायचं नाही."

"म्हणजे खरं सांगायच्या कागदातसुद्धा खोटंच का?" माईला खरोखर गंमत वाटली होती. "रजिस्टर, तुझ्या कचेरीत हे असंच चालतं?"

"बऱ्याचदा," धाकटी म्हणाली, आणि काहीतरी खोडलं. "आणखी एक. तिकडचा भाषांतर करणारा 'माई' शब्दाला अडेल. त्याला अर्थ द्यावा लागेल. दादा, काय लिहू? माई म्हणजे?"

थोरल्यांनी तोंड उघडलं. कामाच्या वहीत त्यांनी हजारो व्याख्या लिहिल्या होत्या. अमुक अंशाला मऊ होणारी, तमुक अंशाला वाहणारी काच, प्रत्येकीला आकडा होता.

"मोठी बहीण," ते म्हणाले.

"एवढंच?"

"एवढंच पुरे त्याला."

धाकटीने लिहिलं.

नोटरीची खोली एका दुकानावर होती. जिना अरुंद. धाकटा माईच्या मागे दोन पायऱ्या सोडून चढत होता, हात पुढे धरून, जणू ती मागे पडली तर झेलायची होती. "तुझ्या तिसऱ्या मजल्याची तालीम करतोस का?" माईने विचारलं. त्याचे कान लाल झाले.

वर सहा खुर्च्या आणि अकरा माणसं होती. त्यांचा नंबर साडेतीनला आला. वकील पन्नाशीचे होते, कागद डोळ्यांजवळ नेऊन वाचायचे. त्यांनी शपथपत्र वाचलं, दोन्ही दाखले पाहिले आणि माईकडे वळले.

"आजी, हे तुमचे कोण?"

"भाऊ."

"सख्खे?"

"अगदी."

"आणि इथे शाळेत आई म्हणून तुमचं नाव पडलं, ते चुकून."

माईने धाकटीकडे पाहिलं. धाकटी समोरच्या भिंतीवरचं प्रमाणपत्र वाचत होती.

"चुकून," माई म्हणाली.

"ठीक." वकिलांनी शिक्क्याचं पॅड उघडलं आणि थांबले. "दुसऱ्या शपथकर्त्यांचा पत्ता मोकळा राहिलाय."

थोरल्यांनी कागद पाहिला. त्यांच्या नावाखाली घराचा पत्ता, पिनकोडसकट. माईच्या नावाखाली नुसती रेघ. धाकटीने आयुष्यात कधी रकाना मोकळा सोडला नव्हता.

"राहिला वाटतं," ते तिला म्हणाले.

"राहिला नाही, दादा," ती हळू आवाजात म्हणाली. "काय लिहायचं ते मला माहीत नव्हतं. घर येत्या एक तारखेपासून भाड्याने दिलंय. करार अर्जाला मीच जोडलाय."

करार थोरल्यांनीच केला होता. उत्पन्नाचा पुरावा लागत होता म्हणून. भाडेकरू भले होते. मागच्या खोलीत त्यांच्या मुलाचं टेबल कुठे बसेल ते फीत लावून मोजून गेले होते, आणि फितीचं दुसरं टोक माईने धरलं होतं. त्या वेळीही कुणी विचारलं नव्हतं.

"आमच्याकडे..." धाकटा म्हणाला आणि बुटांकडे बघू लागला. "म्हणजे, बघू..."

"आमच्याकडे," धाकटी म्हणाली. "आतली खोली रिकामी करते मी. जिन्याचं काहीतरी करू."

"माझ्या बहिणीची तळमजल्यावर जागा आहे," थोरल्यांची बायको घाईघाईने म्हणाली. "तिला विचारते. आजच विचारते." तिचे डोळे भरले होते. ती माईचा हात धरायला गेली, पण माईच्या हातात पिशवी होती.

तिघं एकदम बोलत होती. थोरले बोलत नव्हते. तीन वाजून छत्तीस मिनिटं झाली होती, उद्या बाराला अर्ज बंद होणार होता, आणि मधल्या वीस तासांत त्यांना हवं तर काहीही करता आलं असतं. हा कागद फाडायला दोन सेकंद लागले असते. त्यांनी हात टेबलावर ठेवले. ते हात स्थिर होते. वितळलेल्या काचेसमोर ते कधी थरथरले नव्हते आणि आताही थरथरत नव्हते, याची त्यांना लाज वाटली.

"वकीलसाहेब," माई म्हणाली, "पत्ता कधीचा लागतो? पुढचा का आजचा?"

"आजचा, आजी. आजच्या तारखेला राहता तो."

"मग झालं तर." तिने घराचा क्रमांक सांगितला, रस्ता सांगितला. पिनकोड सांगताना ती एका आकड्यावर अडली, आणि थोरल्यांनी तो आकडा पुरवला. वकिलांनी लिहून घेतलं. माईने पेन घेतलं, कागद स्वतःकडे तिरका केला आणि सही केली. शेवटच्या अक्षराचा फराटा कागदाच्या कडेपर्यंत गेला.

मग तिने पेन थोरल्यांपुढे धरलं.

"माई, मी म्हणत होतो," ते म्हणाले, "की आपण..."

ती थांबली. खरंच थांबली, पेन हवेत धरून, मान थोडी तिरकी करून, लहानपणी पाढे ऐकून घ्यायची तशी. तिने त्यांना पुरेसा वेळ दिला.

थोरल्यांना पुढचं वाक्य सापडलं नाही.

"सही कर, थोरल्या," माई म्हणाली. "लोक खोळंबलेत."

त्यांनी मागे वळून पाहिलं. दारापर्यंत माणसं उभी होती, प्रत्येकाच्या हातात कागद. लोक खोळंबले होते, हे खरं होतं. थोरल्यांनी पेन घेतलं आणि सही केली.